विश्लेषण : समलिंगी विवाहाचा फैसला मतपेटीतून करता येतो का?

आयर्लंडने सार्वमत घेऊन समलिंगी विवाहाला मान्यता दिली, त्याला दहा वर्षे उलटून गेली. ‘लोकांनाच विचारा, काय ते एकदाचे ठरून जाऊ दे’ असे म्हणणारे तेव्हापासून आयर्लंडचा दाखला देतात. मात्र याच विषयावर कॅलिफोर्निया, क्रोएशिया, स्लोव्हेनिया आणि तैवानमधील मतदारांनी उलटा कौल दिलेला आहे. विषय एकच असताना कौल इतके वेगळे का लागले? आणि काही जणांच्या लग्नाचा निर्णय बाकी सगळ्यांनी मतदान करून घ्यावा का?

आयर्लंडमध्ये काय घडले?

२२ मे २०१५ रोजी आयर्लंडमध्ये मतदान झाले आणि दुसऱ्या दिवशी निकाल लागला. १२ लाख १ हजार ६०७ मतदारांनी ‘हो’ म्हटले, तर ७ लाख ३४ हजार ३०० जणांनी ‘नाही’. टक्केवारीत ६२ विरुद्ध ३८. देशातल्या ४३ मतदारसंघांपैकी रॉसकॉमन-साउथ लिट्रिम या एकाच मतदारसंघाचा कौल विरोधात गेला. अर्थात सगळीकडे एकतर्फी लढत नव्हती. डोनेगल साउथ-वेस्टमध्ये ‘हो’चा विजय जेमतेम ३३ मतांनी झाला.

सार्वमताने समलिंगी विवाहाला मान्यता देणारा आयर्लंड हा जगातला पहिला देश ठरला. याच देशात पुरुषांमधील समलिंगी संबंध १९९३ पर्यंत गुन्हा होते. घटस्फोटाला परवानगी मिळाली तीही १९९५ च्या सार्वमतात आणि अवघ्या नऊ हजारांच्या आसपास मताधिक्याने. त्याआधी १९८६ मध्ये मतदारांनी घटस्फोट साफ नाकारला होता. कॅथलिक चर्चचा शब्द अंतिम मानणारा समाज २२ वर्षांत इतका बदलला, हे पाहून खुद्द डब्लिनच्या आर्चबिशपांनी चर्चने वास्तवाचे भान ठेवण्याची गरज बोलून दाखवली.

या सार्वमताशी एक कोकणी नावही जोडलेले आहे. तेव्हाचे आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी जानेवारी २०१५ मध्ये, आपल्या वाढदिवशी, आकाशवाणीवरील मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. पदावर असताना असे सांगणारे ते आयर्लंडचे पहिले मंत्री. त्यांचे वडील अशोक वराडकर हे मालवण तालुक्यातील वराड गावचे. दोन वर्षांनी लिओ पंतप्रधान झाले आणि २०१९ च्या डिसेंबरअखेरीस कुटुंबासह वराडला येऊन गेले. सार्वमताच्या वेळी मात्र ते स्वतःच्या लग्नाच्या हक्कासाठी लाखो अनोळखी लोकांकडे मत मागणाऱ्या हजारोंपैकी एक होते. दारोदार जायचे, बेल वाजवायची, आपण कोण आहोत हे परक्या माणसाला सांगायचे आणि त्याची संमती मागायची, असे त्या प्रचाराचे स्वरूप होते. विजयाच्या जल्लोषात ही गोष्ट बरीचशी झाकली गेली.

परदेशात स्थायिक झालेल्या बहुतेक आयरिश नागरिकांना टपालाने मतदान करता येत नाही. त्यामुळे नुकतेच देश सोडून गेलेले अनेक तरुण मतदानासाठी विमानाने आणि बोटीने मायदेशी परतले. मतदान ६०.५ टक्के झाले. अडीच वर्षांपूर्वी बालहक्कांवर झालेल्या सार्वमताला जेमतेम ३३ टक्के मतदार फिरकले होते, हे पाहता हा आकडा मोठा होता.

सार्वमत घेणे भागच होते का?

होते, आणि इथेच आयर्लंड इतर अनेक देशांपासून वेगळा पडतो. आयर्लंडची राज्यघटना १९३७ सालची आहे. तिच्यातला एक शब्द बदलायचा असला तरी संसदेच्या मंजुरीनंतर सार्वमत घ्यावेच लागते. विवाह म्हणजे एक स्त्री व एक पुरुष अशी स्पष्ट व्याख्या घटनेत नव्हती. पण कॅथरिन झॅपोन आणि अॅन लुईस गिलिगन या जोडप्याने २००३ मध्ये कॅनडात लग्न केले आणि आयर्लंडच्या करखात्याने ते मान्य करावे म्हणून न्यायालयात धाव घेतली, तेव्हा २००६ मध्ये उच्च न्यायालयाने घटनेतल्या ‘विवाह’ शब्दाचा अर्थ स्त्री-पुरुषांचा विवाह असाच लावला. केवळ कायदा करून भागले असते की नाही, यावर कायदेपंडितांमध्ये मतभेद होते. मात्र असा कायदा न्यायालयात टिकेल याची खात्री कोणालाच नव्हती. म्हणून घटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात एक वाक्य घालायचे ठरले. दोन व्यक्तींना, लिंगभेद न करता, कायद्यानुसार विवाह करता येईल, अशा आशयाचे.

थोडक्यात, आयर्लंडच्या सरकारने जबाबदारी लोकांवर ढकलली नव्हती. घटनाच बदलायची असल्याने लोकांकडे जाण्याला पर्याय नव्हता.

मतदानाआधीची दोन वर्षे का महत्त्वाची?

आयर्लंडचा दाखला देणारे बहुतेक जण निकालापासून सुरुवात करतात. खरी गोष्ट त्याच्या दोन वर्षे आधी सुरू होते.

घटनेतील काही तरतुदींवर विचार करण्यासाठी सरकारने १०० जणांचे एक घटना संमेलन नेमले. त्यात ६६ सर्वसामान्य नागरिक होते. वय, प्रदेश, स्त्री-पुरुष प्रमाण अशा कसोट्या लावून मतदारांमधून त्यांची यादृच्छिक निवड झाली होती. ३३ लोकप्रतिनिधी आणि एक अध्यक्ष मिळून शंभर झाले. लोकप्रतिनिधी नागरिकांबरोबर एकाच टेबलाभोवती बसत. एप्रिल २०१३ मध्ये या संमेलनाने समलिंगी विवाहाचा विषय घेतला. घटनातज्ज्ञांनी बाजू समजावून सांगितल्या, चर्चच्या प्रतिनिधींनी विरोध मांडला, समलिंगी पालकांच्या घरात वाढलेली तरुण मुलेही बोलली. चर्चा झाल्यावर मत घेतले तेव्हा ७९ टक्के सदस्यांनी घटनाबदलाची शिफारस केली.

त्यानंतर सरकारने सार्वमत जाहीर केले, पण लगेच घेतले नाही. दत्तक आणि पालकत्वाचे कायदे आधी दुरुस्त करून घेतले. त्यासाठीचा स्वतंत्र कायदा मतदानाच्या महिनाभर आधी मंजूर झाला. विरोधकांची फलके प्रामुख्याने ‘मुलाला आई आणि वडील दोन्ही हवेत’ या मुद्द्यावर होती. मुलांचा विषय स्वतंत्र कायद्याने आधीच हाताळला गेल्यामुळे मतपत्रिकेवर फक्त लग्नाचा प्रश्न आहे, असे सांगणे समर्थकांना शक्य झाले.

प्रचाराचे नियमही कडक होते. सार्वमतात एका बाजूच्या प्रचारासाठी सरकारी पैसा वापरता येत नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच बजावले आहे. प्रश्नाचा अर्थ मतदारांना समजावून देण्याचे काम न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र आयोगाकडे होते. सर्व मोठे पक्ष ‘हो’च्या बाजूने होते, हा भाग तर होताच.

आयरिश मतदार त्या दिवशी सरसकट ‘हो’ म्हणण्याच्या मनःस्थितीत होते असेही नाही. त्याच दिवशी, त्याच मतदान केंद्रांवर राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराची किमान वयोमर्यादा ३५ वरून २१ वर आणायची का, असा दुसराही प्रश्न होता. मतदारांनी तो ७३ टक्के मतांनी फेटाळला. त्यावर कोणी फारशी चर्चाच केलेली नव्हती.

ऑस्ट्रेलियाने टपालाने मतदान का घेतले?

ऑस्ट्रेलियात परिस्थिती नेमकी उलटी होती. तिथे विवाहाची व्याख्या घटनेत नव्हे, कायद्यात आहे. २००४ मध्ये जॉन हॉवर्ड सरकारने साध्या कायदादुरुस्तीने ‘एक पुरुष आणि एक स्त्री’ हे शब्द त्यात घातले होते. तेव्हा कोणालाही विचारले नव्हते. ते शब्द काढायलाही संसदेतले साधे बहुमत पुरेसे होते.

पण सत्ताधारी आघाडीतच या मुद्द्यावर फूट होती. त्यातून वाट काढण्यासाठी पंतप्रधान टोनी अॅबट यांनी २०१५ मध्ये लोकांचा कौल घेण्याची कल्पना पुढे आणली. त्यांच्यानंतर आलेल्या माल्कम टर्नबुल यांनी ती पुढे चालवली. सिनेटने त्यासाठीचे विधेयक नोव्हेंबर २०१६ मध्ये फेटाळले. लक्षात घेण्यासारखी बाब अशी की हे विधेयक पाडणारे मजूर आणि ग्रीन पक्ष समलिंगी विवाहाचे समर्थक होते. ज्यांच्या हक्काचा प्रश्न आहे त्यांना काही महिने देशभराच्या प्रचाराचे लक्ष्य का बनवायचे, हा त्यांचा सवाल होता.

मग सरकारने पळवाट शोधली. मतदानाऐवजी ‘सर्वेक्षण’ करायचे, तेही निवडणूक आयोगाऐवजी सांख्यिकी विभागाकडून, टपालाने. लोकसंख्या आणि महागाई मोजणाऱ्या खात्यावर नागरिकांच्या लग्नाबद्दलचे मत मोजण्याची वेळ आली. प्रकरण न्यायालयात गेले. ७ सप्टेंबर २०१७ रोजी तिथल्या सर्वोच्च दर्जाच्या हायकोर्टाने सरकारला हिरवा कंदील दाखवला आणि पाच दिवसांत लिफाफे रवाना होऊ लागले. प्रचार इतका विखारी होईल अशी धास्ती होती की द्वेषपूर्ण मजकुराला आळा घालणारा तात्पुरता कायदा संसदेला घाईघाईने करावा लागला.

१५ नोव्हेंबरला निकाल आला. ७९.५ टक्के मतदारांनी लिफाफे परत पाठवले होते आणि त्यातल्या ६१.६ टक्के जणांनी होकार दिला होता. पण हा कौल बंधनकारक नव्हताच. कायदा शेवटी संसदेनेच केला, ७ डिसेंबर २०१७ रोजी. प्रतिनिधिगृहात विरोधात फक्त चार मते पडली. म्हणजे सुमारे आठ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चून आणि तीन महिने देश ढवळून काढून गाडी जिथून निघाली होती तिथेच, संसदेच्या दारात, येऊन थांबली.

मतदारसंघांचे आकडे अधिक बोलके आहेत. १५० पैकी १७ मतदारसंघांनी ‘नाही’ म्हटले. त्यातले १२ न्यू साउथ वेल्समधले आणि बहुतेक पश्चिम सिडनीच्या स्थलांतरितबहुल भागातले. भारतीय मोठ्या संख्येने राहतात तो पॅरामॅटा मतदारसंघही त्यात होता. दुसरीकडे, कौल घेण्याची कल्पना मांडणाऱ्या आणि स्वतः ‘नाही’चा प्रचार करणाऱ्या अॅबट यांच्या मतदारसंघाने ७५ टक्के ‘हो’ म्हटले. संसदेत प्रत्यक्ष मतदान झाले तेव्हा अॅबट त्यापासून दूर राहिले.

प्रश्नाच्या शब्दांवर किती अवलंबून असते?

पुष्कळ. २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाह वैध ठरवले आणि जूनपासून लग्ने लागू लागली. विरोधकांनी सह्या गोळा करून ‘प्रपोझिशन ८’ हा प्रस्ताव नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर आणला. त्यात ‘हो’ म्हणजे समलिंगी विवाहाला बंदी. लग्नाच्या बाजूने असलेल्याला ‘नाही’वर खूण करायची होती. ५२ टक्के मतांनी बंदी आली. त्याच दिवशी, त्याच राज्याने बराक ओबामांना ६१ टक्के मते दिली होती. दरम्यानच्या पाच महिन्यांत लग्न करून बसलेल्या सुमारे १८ हजार जोडप्यांचे काय, असा नवाच पेच उभा राहिला. राज्य न्यायालयाने त्यांची लग्ने शाबूत ठेवली. म्हणजे एकाच राज्यात, एकाच रस्त्यावर, ऑक्टोबरमध्ये लग्न केलेले जोडपे विवाहित आणि डिसेंबरमध्ये करू इच्छिणारे अपात्र. बंदी प्रत्यक्षात उठली ती २०१३ मध्ये, न्यायालयांमुळे. राज्यघटनेतले बंदीचे शब्द पुसायला २०२४ मध्ये पुन्हा मतदान घ्यावे लागले.

तैवानमध्ये गुंतागुंत आणखी होती. तिथल्या घटनात्मक न्यायालयाने मे २०१७ मध्ये समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क असल्याचा निर्णय देऊन कायदा करण्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली. मुदत संपण्याआधीच, नोव्हेंबर २०१८ मध्ये, दोन्ही बाजूंनी आपापले प्रश्न सार्वमताला आणले. ‘नागरी संहितेतील विवाह स्त्री-पुरुषांपुरताच मर्यादित असावा का’ या प्रश्नाला ७२ टक्के मतदारांनी होकार दिला. शब्द बारकाईने पाहिले तर त्यात विवाहाला पूर्ण बंदी नव्हती, ‘नागरी संहितेत नको’ एवढेच होते. सरकारने हाच दुवा पकडला. नागरी संहितेला हात न लावता स्वतंत्र कायदा केला, त्याच्या शीर्षकात ‘विवाह’ शब्द घातला नाही, न्यायालयाच्या निर्णयाचा केवळ क्रमांक घातला. मे २०१९ मध्ये तैवान समलिंगी विवाहाला मान्यता देणारा आशियातला पहिला देश झाला. लोकांचा कौलही पाळला आणि न्यायालयाचा आदेशही, असे सरकारला म्हणता आले. हक्क मिळाला, पण स्वतंत्र दारातून.

मतदानाला न येणाऱ्यांचे काय?

स्लोव्हेनियाच्या संसदेने २०१५ च्या मार्चमध्ये समलिंगी विवाहाला मान्यता दिली होती. विरोधकांनी सह्या जमवून सार्वमत घडवून आणले. डिसेंबरमध्ये ६३.५ टक्के मतांनी कायदा रद्द झाला. पण मतदान ३६ टक्केच झाले होते. म्हणजे एकूण मतदारांपैकी साधारण २३ टक्क्यांनी संसदेचा कायदा उलटवला. तिथल्या नियमानुसार विरोधात किमान २० टक्के मतदार असले की पुरे. सात वर्षांनी, २०२२ मध्ये, घटनात्मक न्यायालयाने ही बंदी भेदभाव करणारी ठरवली आणि प्रश्न निकाली निघाला. क्रोएशियात २०१३ मध्ये ३८ टक्के मतदानावर घटनेतच विवाहाची स्त्री-पुरुष अशी व्याख्या घातली गेली. ती आजही आहे.

रोमानियात नेमके उलटे घडले. २०१८ मध्ये अशाच व्याख्येसाठी दोन दिवस मतदान ठेवले. आलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांनी व्याख्येच्या बाजूने मत दिले. पण कौल वैध ठरायला ३० टक्के मतदान आवश्यक होते. विरोधकांनी घरी बसण्याचे आवाहन केले, मतदान २१ टक्क्यांवर अडकले आणि सार्वमत बाद झाले. एका देशात घरी बसल्याने हक्क गेला, दुसऱ्यात घरी बसल्याने बंदी टळली. ‘लोकांचा कौल’ म्हणताना हा मतटक्का आणि त्यामागचे नियम सहसा सांगितले जात नाहीत.

स्वित्झर्लंड आणि क्युबातही मतदारांनी अनुक्रमे २०२१ आणि २०२२ मध्ये मान्यतेच्या बाजूने कौल दिला. स्वित्झर्लंडमध्ये तर प्रत्येक प्रांतात बहुमत मिळाले. पण त्या देशात वर्षातून तीन-चार वेळा कशा ना कशावर मतदान होतच असते. मतदारांना तो रोजचा व्यवहार आहे.

मग हक्क बहुमतावर सोडावेत की नाही?

सार्वमताच्या बाजूचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. न्यायालयाने दिलेला हक्क न्यायालय काढूनही घेऊ शकते. अमेरिकेत गर्भपाताचा हक्क २०२२ मध्ये असाच गेला. लोकांनी मतदान करून दिलेला हक्क मागे घेणे राजकीयदृष्ट्या फार अवघड असते. शिवाय प्रचाराच्या निमित्ताने घराघरात बोलणे होते. ज्या आईवडिलांनी हा विषय कधी काढला नव्हता त्यांना तो काढावा लागतो. आयर्लंडमधील निकालाने वादावर पडदा पडला, न्यायालयाच्या निकालाने तो तसा पडला असता का, याबद्दल शंका आहे.

विरोधातले म्हणणे एका वाक्यात मांडता येते. ज्यांचे काहीच पणाला लागलेले नाही, तेच इथे निर्णायक संख्येने मतदान करतात. समलिंगी विवाह झाला काय किंवा न झाला काय, ९५ टक्क्यांच्या आसपास मतदारांच्या स्वतःच्या संसारात काही फरक पडत नाही. फरक पडतो तो उरलेल्यांना. आणि त्यांची संख्या कायमच इतकी कमी असते की ते स्वतःच्या बळावर हे मतदान कधीही जिंकू शकत नाहीत. अमेरिकेत १९९८ पासून तीसच्या आसपास राज्यांत मतदारांनी बंदीच्या बाजूने कौल दिला. मतदानात पहिल्यांदा स्पष्ट विजय मिळाला तो २०१२ मध्ये, मेन, मेरीलँड आणि वॉशिंग्टन या राज्यांत. मेनमध्ये तर तीनच वर्षांपूर्वी मतदारांनी हाच हक्क नाकारला होता. काही मूलभूत हक्क मतदानाच्या कक्षेबाहेरच असायला हवेत, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्ये शाळकरी मुलांच्या ध्वजवंदनाच्या खटल्यात मांडले होते. २०१५ मध्ये देशभर समलिंगी विवाह वैध ठरवताना न्यायालयाने त्याचाच आधार घेतला.

मराठी वाचकाला सार्वमत अपरिचित नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात ते झाले. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश राहायचे, या प्रश्नावर फूल आणि दोन पाने या चिन्हांमध्ये लढत झाली. विलीनीकरणाच्या बाजूने १ लाख ३८ हजार १७०, तर विरोधात १ लाख ७२ हजार १९१ मते पडली. संसदेने त्यासाठी खास कायदा केला होता. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून विलीनीकरणवादी बांदोडकर सरकारने आधी राजीनामा दिला होता. गोव्याचे भवितव्य गोवेकरांना विचारले गेले. महाराष्ट्रातल्या मतदारांना विचारले असते तर निकाल काय लागला असता हे सांगायला नको. समलिंगी विवाहाच्या सार्वमतात नेमके तेच होते. प्रश्न एकाचा आणि मतदार यादी दुसऱ्याची.

भारतात असे सार्वमत होऊ शकते का?

भारतीय राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही. घटनादुरुस्ती संसद करते, काही बाबतींत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. विवाहविषयक मोठे बदल इथे कधीच मतदानाने झालेले नाहीत. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याच्या वेळी विरोधातील अर्जांवरच्या सह्या समर्थनाच्या सह्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त होत्या. डॉ. आंबेडकरांचे हिंदू कोड बिल लोकांपुढे मताला टाकले असते तर त्याचे काय झाले असते, याचा अंदाज तेव्हाच्या मोर्च्यांवरून येतो.

तरीही ‘लोकांना काय वाटते’ हा मुद्दा समलिंगी विवाहाच्या खटल्यात वारंवार डोकावला. एप्रिल-मे २०२३ मध्ये दहा दिवस चाललेल्या सुनावणीत केंद्र सरकारचे म्हणणे होते की हा विषय संसदेचा आहे, न्यायालयाचा नाही. ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे, असेही सरकारने प्रतिज्ञापत्रात म्हटले. सुनावणी सुरू असतानाच बार कौन्सिल ऑफ इंडियाने ठराव करून देशातील ९९.९ टक्क्यांहून अधिक लोक समलिंगी विवाहाच्या विरोधात असल्याचा दावा केला. हा आकडा कोणत्या मोजणीतून आला, ते ठरावात नव्हते. त्याच वर्षी अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने भारतात केलेल्या पाहणीत ५३ टक्के लोक कायदेशीर मान्यतेच्या बाजूने आणि ४३ टक्के विरोधात आढळले. केंद्राने राज्यांकडेही मत मागवले होते. उत्तर देणाऱ्या सात राज्यांपैकी राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसामने विरोध केला. महाराष्ट्राने इतर तीन राज्यांप्रमाणे विचार करायला वेळ मागितला.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायद्यात बदल करणे हे संसदेचे काम आहे, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत झाले. समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला काही कायदेशीर मान्यता द्यावी असे चंद्रचूड आणि न्या. कौल यांचे मत होते, पण ते ३ विरुद्ध २ असे अल्पमतात गेले. फेरविचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

वास्तविक याच न्यायालयाने २०१७ च्या गोपनीयतेच्या निकालात, अल्पसंख्य असणे हे हक्क नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही असे म्हटले होते. २०१८ मध्ये कलम ३७७ चा मोठा भाग रद्द करताना लोकप्रिय नैतिकतेपेक्षा घटनात्मक नैतिकता वरची मानली होती. शयनगृहापर्यंत लागू झालेले हे तत्त्व विवाह नोंदणी कार्यालयाच्या उंबऱ्यावर थबकले. नेपाळमध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ पासून अशा विवाहांची नोंद सुरू झाली, थायलंडमध्ये संसदेने कायदा केला आणि जानेवारी २०२५ पासून तो लागू आहे. दोन्ही ठिकाणी सार्वमताचा विषय निघाला नाही.

आता भारतात स्थिती काय?

निकालात नमूद झाल्यानुसार केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये समिती नेमली. त्यानंतर काही पत्रके निघाली. समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच कुटुंबातले मानावे, संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराला नामनिर्देशित करण्यास आडकाठी नाही, जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावे, अशा सूचना त्यांत आहेत. या सगळ्या प्रशासकीय सूचना आहेत. वारसा, निवृत्तिवेतन, दत्तक या गोष्टी पत्रकाने मिळत नाहीत, त्यासाठी कायदाच लागतो.

तो कायदा करण्याचा एक प्रयत्न संसदेत झाला होता आणि तो महाराष्ट्रातूनच झाला. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. वर्षभराने केंद्र सरकार न्यायालयात ‘हा विषय संसदेवर सोडा’ असे सांगत होते, तेव्हा ते विधेयक लोकसभेच्या दप्तरी पडून होते. मतदानाची वेळ त्याच्यावर आलीच नाही. २०२४ मध्ये १७ वी लोकसभा विसर्जित झाली आणि तिच्याबरोबर तेही बाद झाले.